चप्पल कोणी उचलली?

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, जळगाव
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जळगाव
मा. प्रमुख, श्वान प्रशिक्षण केंद्र, गुन्हे अन्वेषण विभाग, पुणे
आणि जिल्ह्यातले सर्व पोलीस पाटील



खून, घरफोडी किंवा कोणी बेपत्ता झाल्याची बातमी असली की तिच्या शेवटी शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. श्वान पथकास पाचारण करण्यात आले, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व ते तेथेच घुटमळले. वाचणारा मनाशी म्हणतो, तिथून गाडीत बसून गेला असणार. कधी तसं असतंही. पण त्या कुत्र्याला वास कशाचा दिला होता आणि ती वस्तू त्याच्या नाकापर्यंत येईस्तोवर किती हातांतून फिरली होती, हे बातमीत नसतं. माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळदा ते कागदोपत्रीही नसतं. हे पत्र त्या वस्तूबद्दल आहे.

मी पोलीस खात्यातला नाही. असोद्यात शेती आहे, मळ्यावर कुत्री आहेत आणि त्यांना माणसाचा माग काढायला शिकवण्याची हौस आहे. असोदा म्हटलं की लोकांना बहिणाबाई आठवतात, नाहीतर भरताची वांगी. कुत्र्यांसाठी आमचं गाव प्रसिद्ध नाही, आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या मते माझा हा उद्योग शुद्ध रिकामटेकडेपणा आहे. असेल. पण या उद्योगात एक गोष्ट पक्की कळली. कुत्र्याला माग शिकवणं त्या मानानं सोपं. वास द्यायची वस्तू नीट हाताळायला माणसांना शिकवणं महाकठीण.

गावात माणूस हरवलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हातारे आबा पहाटे मळ्याकडे म्हणून निघाले, दुपार झाली तरी परतले नाहीत. ओटा माणसांनी भरतो. ज्याला त्याला मदत करायची असते. पोलीस येतात आणि म्हणतात, त्यांच्या अंगावरचं काहीतरी द्या. सून दोरीवरची बनियन काढून आणते. ती सकाळीच सगळ्या घराच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजलेली, एका साबणात धुतलेली. कोणी जाणता म्हणतो, धुतलेलं नको. मग कोपऱ्यातल्या ढिगातून सदरा निघतो. तो रात्रभर नातवाच्या कपड्यांखाली होता. पुतण्या तो उलगडून बघतो, हो, आबांचाच, म्हणून पोलीस पाटलांच्या हाती देतो. पाटील शिपायाला देतात. शिपाई तो कॅरीबॅगमध्ये कोंबतो, आणि त्याच कॅरीबॅगमधून सकाळी मिरच्या आलेल्या असतात. पिशवी जीपच्या काचेपाशी उन्हात पडून राहते. महिना मे असला तर जळगावच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत. चपलांचं तर बोलूच नका. आपल्याकडे ओट्याखाली सोडलेली चप्पल कोणाची, तर ज्याचा पाय आधी शिरला त्याची. आबांची म्हणून दिलेली चप्पल घालून त्या आठवड्यात निम्मं घर मागच्या अंगणात जाऊन आलेलं असतं.

मग जळगावहून कुत्रं येतं. असोदा मुख्यालयापासून हाकेवर, पण रावेर किंवा चाळीसगाव म्हटलं की वाटेतच दीड-दोन तास जातात. त्याच्यासमोर सदरा धरतात आणि म्हणतात, शोध. त्या सदऱ्यावर आता सहा माणसं आहेत, आणि त्यातली चार पुढ्यातच उभी आहेत. त्यानं कोणाला शोधायचं?

याहून वाईट प्रकार गुन्ह्याच्या जागी होतो. घरफोडी झाली, चोराची चप्पल परसात पडलेली आहे. पोलीस येईपर्यंत कोणी तुडवू नये म्हणून शेजारचा भला माणूस ती उचलून कट्ट्यावर ठेवतो. दोन तासांनी कुत्र्याला त्या चपलेचा वास दिला जातो. कुत्रं परसातून निघतं, बोळ ओलांडतं आणि थेट त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतं. कुत्र्याचं काहीही चुकलेलं नाही. त्या चपलेवरचा सगळ्यात ताजा वास शेजाऱ्याचाच होता आणि त्याची सगळ्यात ताजी वाट त्याच्याच घराकडे जात होती. पण हे सगळं दोनशे माणसांच्या देखत होतं. पोलीस त्या शेजाऱ्याला संध्याकाळी सोडून देतील, गाव सोडत नाही. ‘कुत्रं त्याच्या दारात थांबलं होतं’ हे वाक्य त्याच्या पोरीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचतं. आणि तो माणूस वस्तीच्या कडेला राहणारा, हातावर पोट असलेला असला, तर ‘मी चप्पल फक्त उचलून ठेवली होती’ हे सांगायलाही त्याला कोणी दोन मिनिटं देत नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की सगळी पोलिसी कुत्री एकच काम करत नाहीत. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ज्याचं नाव घरोघरी पोहोचलं तो झंजीर पुण्याच्याच केंद्रात तयार झाला होता. तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब ही त्याच्या नावावरची नोंद. पण झंजीरला दर वेळी नवा वास द्यावा लागत नव्हता. आरडीएक्सचा वास काल होता तोच आज असतो. नमुना एकदा नीट जपला की वर्षभर त्यावर सराव घेता येतो. दरड किंवा इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्यावर फिरणाऱ्या कुत्र्यांनाही वस्तू लागत नाही. खाली कोणीही जिवंत माणूस असो, त्यांना तोच हवा असतो. माग काढणाऱ्या कुत्र्याचं मात्र निराळं. त्याला दर वेळी एका नव्या, आधी कधी न भेटलेल्या माणसाचा वास सांगायचा आणि रस्त्यावरच्या शेकडो माणसांतून तेवढाच उचल म्हणायचं. हा प्रश्न त्याला विचारला जातो तो त्या एका वस्तूतून. प्रश्नच धड विचारला नाही तर उत्तर कुठलं येणार?

नाकाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. माणसाच्या कातडीचे बारीक कण सतत गळत असतात. त्यावर घाम असतो, जिवाणू असतात, आणि त्यातून उडणाऱ्या द्रव्यांचं मिश्रण ज्याचं त्याचं वेगळं असतं. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी तिथल्या पोलिसांच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या हुबेहूब जुळ्यांचे वास त्या कुत्र्यांनी वेगवेगळे ओळखले. ज्यांच्यात डीएनए चाचणीही सहजी फरक करत नाही, ती भावंडं. पण त्या प्रयोगातले वास घेतले कसे होते तेही बघा. स्वच्छ कापडाचे तुकडे अंगाला लावून ठेवलेले, काचेच्या झाकणबंद बरण्यांत साठवलेले, मध्ये दुसऱ्या कोणाचा हात नाही. तेच कुत्रं आणून मिरचीच्या कॅरीबॅगमधला सदरा त्याच्यापुढे धरला असता तर निष्कर्ष काय आला असता, हे सांगायला संशोधक नको.

खरं तर खानदेशाला हे शहाणपण बाहेरून आणावं लागू नये. १८२५ साली इंग्रज अधिकारी औट्रमनं धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा या लोकांचं रान आणि वाटा वाचण्याचं कसब सरकारच्याही उपयोगी पडलं. गावोगावचे जागले हे काम त्याआधीपासून करत होते. चोराचं पाऊल दिसलं की जाणता माणूस आधी त्यावर टोपली नाहीतर परात पालथी घाली आणि मगच पुढचं पाऊल शोधायला निघे. माग आपल्या शिवेपलीकडे शेजारच्या गावात नेऊन दाखवता आला नाही तर चोरीचा बोजा आपल्या गावावर येणार, हे ठाऊक असल्यामुळे त्या परातीला कोणी हात लावत नसे. आज पावलाची जागा वासानं घेतली, आणि परात घालणारं कोणी राहिलं नाही.

तर साहेब, माझी पहिली मागणी या परातीची आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक पोलीस पाटलाकडे एक पाकीट असावं. त्यात हातमोज्यांचे दोन जोड, एक लांब चिमटा, औषधाच्या दुकानात मिळतात तशा निर्जंतुक गॉजच्या घड्या, कोरे कागदी लिफाफे, झाकणाच्या दोन स्वच्छ काचेच्या बरण्या आणि एक पेन. या सगळ्याला पोलीस ठाण्याच्या दोन दिवसांच्या चहापेक्षा जास्त खर्च येणार नाही. लिफाफ्यावर चार ओळी छापलेल्या असाव्यात. वस्तू कोणाची, कुठून उचलली, किती वाजता, आणि त्याआधी कोणाकोणाचा हात लागला. ही चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. हात लागला म्हणून कोणाला रागवायचं नाही, फक्त नाव लिहायचं. शेजाऱ्यानं चप्पल उचलली हे लिफाफ्यावर असेल तर कुत्रं त्याच्या दाराकडे वळताच हँडलरला कळेल, की हा त्या चपलेचा मालक असेलच असं नाही.

वस्तू घरच्यांकडून मागवू नये, जाऊन आपण घ्यावी. माणूस जिथे झोपतो ती उशीची खोळ, पायातला न धुतलेला मोजा, टोपी, रोजचा रुमाल. घरात एकच पंचा सगळे वापरत असतील तर तो निरुपयोगी, मग तो कितीही ‘त्यांचाच’ असो. गोधडीचंही तेच. भरताच्या दिवसांत काड्यांच्या जाळाशेजारी खुंटीला टांगलेला कोट मी तरी घेणार नाही, त्याला माणसापेक्षा धुराचा वास जास्त. दोन वस्तू एका लिफाफ्यात नकोत. ओली वस्तू प्लॅस्टिकमध्ये कोंडली तर कुजते, म्हणून ती कागदात. आणि लिफाफा जीपमध्ये ठेवायचा तो सावलीत, डिझेलच्या कॅनपासून आणि कोणाच्या गुटख्याच्या पुडीपासून दूर.

गॉजबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण त्यानं एक जुना तंटा मिटतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेली वस्तू कुत्र्याला हुंगवायची की प्रयोगशाळेत पाठवायची? कुत्र्यानं नाक लावलं की त्याची लाळ लागली, वरचे नमुने बिघडले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी जागेवर येणं सांगितलं आहे, त्यामुळे ही ओढाताण वाढणारच. गॉजची घडी चिमट्यानं वस्तूला लावून बंद लिफाफ्यात काही वेळ ठेवली की तिच्यात वास उतरतो. मग गॉज कुत्र्याला आणि वस्तू प्रयोगशाळेला. सायकलची सीट, मोटारसायकलची मूठ, बाजेची कड अशा उचलून नेता न येणाऱ्या गोष्टींवरूनही असा वास घेता येतो. दोन-तीन घड्या घेतल्या तर एक उद्यासाठी उरते. मात्र काम संपल्यावर त्या नष्ट करण्याचा नियमही हवा. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी आपल्याच नागरिकांचे वास बरण्यांत भरून कपाटं लावली होती. तसली कपाटं आपल्याला नकोत.

याच संहितेत झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करायला सांगितलं आहे. लहान मूल हरवलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून गुन्हा नोंदवावाच लागतो. मग त्या मुलाची उशी किंवा मोजा उचलतानाचं चित्रण वेगळं काम कशाला होईल? मोबाइल तर हातातच असतो. प्रौढ माणूस हरवल्याची नुसती नोंद असते तिथे कायदा भाग पाडत नाही, तरी सवय म्हणून करावं.

आता पुण्याच्या केंद्राला आणि जिल्ह्यातल्या हँडलरांना विनंती. इथे मी शिकवायला निघालेलो नाही. आपण ज्या कुत्र्यांवर मेहनत घेता ती माझ्या मळ्यावरच्यांपेक्षा कैक पटींनी सरस आहेत. पण प्रशिक्षण कुठलंही असो, त्यात एक मोह असतो. सरावाची वस्तू दर वेळी स्वच्छ, ताजी आणि एकाच मदतनिसाची असते. ती देणारा हातही दर वेळी तोच. कुत्रं हुशार असतं, त्याला लवकरच कळतं की वस्तू हुंगण्याची गरजच नाही, समोरच्या सगळ्यात ताज्या वाटेनं गेलं की शाबासकी मिळते. मैदानावर हे कधीच उघडं पडत नाही, कारण मैदानावर ताजी वाट एकच असते. उघडं पडतं ते जळगावच्या बाजारपेठेत.

म्हणून सरावात दोन माणसं वेगवेगळ्या वाटांनी पाठवावीत, वाटा एकमेकींना छेदाव्यात, आणि वस्तू जी द्यायची ती आधी गेलेल्याची द्यावी. कधीकधी तर त्या जागी आलाच नाही अशा माणसाची वस्तू द्यावी. तिथे दोन-चार फेऱ्या मारून ‘हा इथे नाही’ असं सांगणाऱ्या कुत्र्याला पोहोचलेल्याइतकीच शाबासकी मिळायला हवी. नाही म्हणायला न शिकलेलं कुत्रं कोणाच्या ना कोणाच्या दारात जाऊन थांबणारच.

आणि मळलेल्या वस्तूंचाही सराव हवा, कारण खेड्यातून येणार त्या तशाच. परदेशातले माग काढणारे यासाठी एक साधी युक्ती वापरतात. वस्तूला ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांना कुत्र्याजवळ उभं करायचं. कुत्रं वस्तू हुंगतं, उभ्या माणसांना हुंगतं, हजर असलेल्यांना सोडून देतं आणि जो हजर नाही त्याच्या मागावर निघतं. हे आपोआप जमत नाही, पद्धतशीर शिकवावं लागतं. पण शिकवलं तर आबांचा तो सहा हातांतून फिरलेला सदराही कामाचा ठरतो. अट एकच, चौथी ओळ भरलेली असली पाहिजे. पुतण्या, पाटील आणि शिपाई या तिघांनी सदरा धरला होता हे माहीतच नसेल तर त्यांना उभं कोण करणार?

हँडलरबद्दलची गोष्ट जरा नाजूक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एका चर्चमध्ये १८ हँडलर-कुत्रा जोड्यांची चाचणी घेतली होती. जागेत अमली पदार्थ नव्हते, स्फोटकंही नव्हती. हँडलरांना मात्र सांगितलं होतं, की काही ठिकाणी लाल कागद लावला आहे तिथे माल असेल. कुत्र्यांनी, म्हणजे हँडलरांच्या सांगण्याप्रमाणे कुत्र्यांनी, एकूण २२५ वेळा ‘सापडलं’ म्हटलं, आणि लाल कागदाजवळ जास्त. २०११ चा हा निष्कर्ष बऱ्याच हँडलरांना झोंबला. पण आपल्याकडे लाल कागदाचीही गरज नाही. कुत्रं गाडीतून उतरण्याआधी गाव हँडलरच्या कानाशी लागलेलं असतं, साहेब, आमचा संशय अमक्यावर आहे. दोरीचा एक हलकासा ताण, पावलांचा किंचित संथपणा, कुत्र्याला तेवढं पुरतं. जागेवर हँडलरनं गावकऱ्यांशी बोलूच नये, आणि सरावात वाट कुठे संपते हे त्याला कधीच ठाऊक नसावं. तशा चाचण्यांची नोंद, फसलेल्या चाचण्यांसकट, पथकाकडे असावी.

न्यायालयांनी हे सगळं वेगळ्या शब्दांत सांगून ठेवलेलं आहे. अब्दुल रझाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुने आक्षेप पुन्हा मांडले. कुत्रं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या निष्कर्षावर टांगणं योग्य नाही. २००१ साली गाडे लक्ष्मी मंगराजू प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, की तपासासाठी कुत्र्याची मदत घ्या, न्यायनिवाडा मात्र त्यावर होणार नाही. कुत्र्याची चूक होऊ शकते, हँडलरची होऊ शकते, आणि कुत्र्याच्या वागण्याचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो. हे मला पूर्ण मान्य आहे. कुत्र्याच्या सांगण्यावर कोणालाही शिक्षा होऊ नये. पण तपासाची दिशाच चुकीच्या चपलेनं ठरली तर पुढचे दोन दिवस वाया जातात, आणि मळ्यात पाय मुरगळून पडलेल्या म्हाताऱ्याकडे दोन दिवस नसतात.

आपल्या जिल्ह्यापुरतं एक सांगतो. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर कुत्रं उतरवणं म्हणजे त्याचे पाय भाजणं, हाती फारसं काही येत नाही. केळीच्या बागेत मात्र सावली असते, ठिबकचा ओलावा असतो, वारा अडलेला असतो. तिथे वास जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे. म्हणून दुपारी माणूस हरवल्याचं कळलं तर आधी वस्तू लिफाफ्यात बंद करावी, ज्या बागेकडे तो गेला असेल तिकडची घड कापणी आणि मजुरांची ये-जा थांबवावी, आणि कुत्र्याला दिवस कलल्यावर किंवा पहाटे आणावं. हे सगळं गावातला माणूस करू शकतो. गरज आहे ती कोणीतरी त्याला आधी सांगून ठेवण्याची.

तेव्हा पोलीस पाटलांच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास श्वान पथकाच्या हँडलरला द्यावा. पाकीट, चिमटा, चौथी ओळ, एवढंच. आपत्ती व्यवस्थापनाच्या गावपातळीवरच्या सरावात पूर आणि आग असते, तिथे हरवलेला माणूसही बसवावा. पाकिटांसाठी निधीचं लेखाशीर्ष सापडत नसेल तर असोद्याची पाकिटं आम्ही गावातून उभी करू.

सरावासाठी जागा हवी असेल तर मृगबाग, कांदेबाग, पिलबाग, जी म्हणाल ती केळीची बाग मोकळी आहे. लपायला पोरंही मिळतील, सुटीच्या दिवशी तर हवी तितकी. अट एवढीच, की कोण कुठे लपलंय ते हँडलरसाहेबांना सांगितलं जाणार नाही. त्यांनी चहाच्या वेळी विचारलं तरी नाही.

आपला,
असोद्याचा एक शेतकरी